चपलीच्या फुलाचं पाणी

आमच्या घरमालकांनी माझ्याकडे पहिली वस्तू मागितली ती फुटकी पाटी. मी मुरूडच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो, सामानाच्या पेट्या दोरखंडासकट पडवीत पडल्या होत्या, आणि हा साठीचा, उंच, थोडा वाकलेला गृहस्थ लुंगी सावरत समोर उभा. “मास्तर, शाळेत पाट्या फुटतात ना? फेकू नका. मला आणून द्या. काळीभोर पाहिजे, चरे पडलेली चालणार न्हाय.” म्हातारपणी अक्षरं गिरवायची हौस आली असेल असं मला वाटलं, आणि मी मान डोलावली. पुढे मी त्यांच्याकडे अकरा वर्षं राहिलो आणि निदान शंभर तरी तुकडे त्यांना पुरवले.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही चाचाच म्हणत असे. घर लांबट, मधे एक भिंत. भिंतीच्या पूर्वेला चाचा एकटे राहत. बायको वारली होती, दोन्ही मुली लग्न होऊन श्रीवर्धनला गेल्या होत्या. पश्चिमेचा भाग आमच्याकडे, म्हणजे मी, माझी बायको आणि पुढे आमची मुलगी. गावात दुसरीकडे जागा मिळाली असती तर मी मुसलमानाच्या घरात बिऱ्हाड केलं नसतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही. पण जागा मिळाली नाही. चूल वेगळी, दार वेगळं, पाणी वेगळं, असं ठरवून आम्ही राहिलो, आणि चाचांनी ते न बोलता समजून घेतलं.

पाटीचं गूढ आठवड्याभरात उकललं. पाटीच्या तुकड्यावर ते खडूने चौकोन आखत. एकेका चौकोनात एकेका विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवत, पाटी उन्हात मांडत आणि शेजारी माशा वारत बसत. थेंब वाळला की मागे पांढरा डाग उरे. कुठे नुसती धूसर कड, कुठे चांगलं जाड कडं. ज्याचा डाग कमी ते पाणी बरं, एवढंच ते शास्त्र. “जीभ लबाड हाय, मास्तर,” ते म्हणत. “तिला लहानपणापासनं जे पाजलं तेच गोड लागतं. पाटीला कुणी काय पाजलेलं न्हाय.”

हा सगळा खटाटोप एका वीतभर झाडासाठी होता. साहेब लोक त्या जातीला ऑर्किड म्हणतात. चाचा नुसतं चपलीचं झाड म्हणत. पानं जाड, लांबोळकी, वरून हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांची आणि खालून वांग्याच्या रंगाची. फूल आलंच तर उन्हाळ्यात, बोटभर देठावर, एखादंच. फिकट पिवळं, अंगावर तांबूस बारीक ठिपके, आणि खालची पाकळी अशी वळलेली की बाहुलीची चपलीच वाटावी. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं सांगायचं तर निराश झालो. एवढ्याशा फुलासाठी एवढा व्याप?

गावालाही तसंच वाटे. याला वास नाही, हे गजऱ्यात माळता येत नाही, देवाला वाहता येत नाही, मग ठेवायचं कशाला, असं कुणीतरी त्यांना तोंडावर विचारलं होतं. चाचा म्हणाले, “पीराला बी वाहत न्हाय. ते आपलं आपल्यासाठी फुलतं. आपण फक्त पाणी द्यायचं.” विचारणाऱ्याने कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

चाचांच्या भावांची ब्रह्मदेशात, मोलमेनला, छत्र्यांची पेढी होती. वीस वर्षं चाचाही तिथेच होते. पण गल्ल्यावर बसायचं सोडून हा माणूस डोंगरकपारींत झाडं धुंडाळत हिंडायचा. ऐन पावसाळ्यात, छत्र्या खपायच्या दिवसांत, दुकान उघडं टाकून चार-चार दिवस नाहीसा व्हायचा. शेवटी भावांनी त्यांना गोड बोलून घरी पाठवलं. येताना त्यांनी गलबतातून चार मोठे काळे रांजण आणि अकरा झाडं आणली. मी आलो तोवर झाड एकच उरलं होतं. बाकीची दहा कशाने गेली ते त्यांना तोंडपाठ होतं. दोन प्रवासात, तीन ऊन लागून, एक शेळीने खाल्लं आणि चार विहिरीच्या पाण्याने. शेळीवर त्यांचा राग नव्हता. विहिरीचं पाणी आपण स्वतः, आपल्या हाताने घातलं, हे मात्र त्यांना विसरता येत नसे.

म्हणून रांजण. पावसाचे पहिले आठ-दहा दिवस ते वाहून जाऊ देत. कौलं धुऊन निघाली पाहिजेत, कावळ्यांची घाण गेली पाहिजे. मग पोफळीची पन्हळ वळचणीला बांधून चारही रांजण भरून घेत, तोंडाला दुहेरी फडकं बांधत, आणि ते पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवत. स्वतः मात्र अंगणातल्या विहिरीचं पाणी पीत. ती विहीर मार्चपासूनच खारवायची. तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. एकदा त्यांचा पुतण्या मुंबईहून आगबोटीने आला आणि उतरल्या उतरल्या रांजणातलं तांब्याभर पाणी घेऊन त्याने पाय धुतले. चाचा त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत. जाताना धक्क्यावर पोचवायला मात्र गेले, आणि परत आल्यावर मला म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पण पायाला कशाला लागतंय असलं पाणी?”

सकाळी झाडाला पाणी घालणं हा तासाभराचा कार्यक्रम. कुंडीत माती नाही, विटांचे तुकडे, कोळसा आणि सुकलेलं शेवाळ. बारीक तोटीच्या झारीने कडेकडेने पाणी सोडायचं. पानांच्या बेचक्यात थेंब साचला तर गाभा कुजतो, म्हणून धोतराच्या चिंधीचं टोक पिळून तिथला थेंब टिपून घ्यायचा. मी शाळेत जायच्या घाईत असलो तरी मला थांबवून ते विचारत, “बघा, तुमची नजर तरणी हाय. राहिला काय थेंब?” राहिलेला नसे. तरी ते पुन्हा टिपत.

या नादाला लोकही खतपाणी घालत. दिघीचा एक तरीवाला, होडीतून माणसं खाडीपार नेणारा, अगदी भला माणूस, पलीकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी म्हणून एक मडकं तरीतून घेऊन आला. चाचांनी त्याला बसवलं, चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, आणि तोवर पाटी उन्हात ठेवली. थेंब वाळला आणि हा एवढा डाग. मडक्याचं तोंड उघडं, वाटेत लाटांचं पाणी उडत होतं. चाचा हळूच म्हणाले, “अर्धी खाडी घेऊन आलास रं बाबा.” तरीवाल्याला हसू आवरेना. मडकं तिथेच ठेवून तो गेला.

माझीही यातून सुटका नव्हती. आमच्या घराला लागून तात्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. तात्या म्हणजे आमच्या समाजातलं वडीलधारं माणूस. बिऱ्हाड केल्या दिवसापासून आम्ही पाणी भरत होतो ते त्यांच्या विहिरीवर, त्यांच्या परवानगीने. भर मे महिन्यात गावाच्या विहिरी खारवल्या तरी तात्यांची विहीर गोड राही, आणि दारी आलेल्याला गुळाच्या खड्याबरोबर ते पाणी देताना तात्यांची मान ताठ होई. त्या पाण्याचा थेंब पाहिजे, असा चाचांनी माझ्यामागे धोशा लावला. त्यांना स्वतःला त्या विहिरीवर जाता येत नव्हतं. शेवटी मी दौतीत भरून आणून दिलं. पाटीवर जाडजूड पांढरं कडं उमटलं.

हे मी तात्यांना सांगायला नको होतं. पण मी शिक्षक. जिथे जे दिसेल ते सांगायची खोड. तात्या स्वतः पाटी बघायला कुंपणापाशी आले. चाचांनी अदबीने समजावलं, “विहिरीला काय झालेलं न्हाय, तात्यासाहेब. शिंपल्याच्या वाळूतनं झरा येतो, चुना येणारच. माणसाला चांगलंच हाय. माझ्या झाडाला तेवढं नको.”

“म्हणजे आमचं पाणी तुमच्या झाडाच्या लायकीचं नाही,” तात्या म्हणाले.

“तसं न्हाय हो...”

“कळलं, कळलं,” असं म्हणून तात्या फिरले. त्या दिवसापासून ते चाचांना पाटीवाला म्हणत, आणि ते हसण्यावारी नव्हतं.

मला त्या काळी या सगळ्याचा फार शीण येई. दिवसभर साठ पोरांच्या वर्गात ओरडून घसा बसलेला, घरी तान्ही मुलगी रात्रभर रडायची, आणि रविवारी जरा पडावं म्हटलं तर चाचा दारात. एका मार्च महिन्यात त्यांनी मला डोंगरावरच्या झऱ्यापर्यंत चालवत नेलं. जांभ्या दगडातून पाझरणारं पाणी, पाटीवर जवळजवळ डाग नाहीच. येताना दोन कळशा माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. उतारावर मी मनातल्या मनात त्या झाडाला शिव्या देत होतो. “एप्रिलात हा बी आटतो,” चाचा धापा टाकत म्हणाले. “मग फक्त रांजण.” त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा थकवा ऐकू आला. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. आपण एकटेच थकलेले नाही, एवढंच ते बरं वाटणं होतं.

मग तो उन्हाळा आला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. झाडाला तीन वर्षांत फूल आलं नव्हतं, आणि त्या एप्रिलमध्ये पानांतून देठ वर आला, टोकाला हरभऱ्याएवढी कळी. चाचा रोज काडीने देठ मोजत. त्यात आधीचा पाऊस कमी झालेला. तीन रांजण रिकामे, चौथ्यात अर्ध्याच्या खाली पाणी. त्यांनी हिशेब घातला होता. रोज अर्धी झारी, तर पाऊस लागेपर्यंत जेमतेम पुरेल. त्यात कळी उमलेल. “झाड बी म्हातारं झालंय, मास्तर. खारं पाणी आता त्याला आठ दिवस बी सोसणार न्हाय.”

मेच्या मध्यावर मुलीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत पोर चिपाडासारखी झाली, डोळे खोल गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, “विहिरी तळाला गेल्यात, पाणी गढूळ आहे. मिळेल तितकं स्वच्छ पाणी घ्या, उकळा, आणि चमच्या-चमच्याने पाजत राहा. पाणी पोटात राहिलं तर मुलगी राहील.” तात्यांच्या विहिरीतही तेव्हा पोहऱ्याबरोबर गाळ येत होता.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. चाचा मागच्या दाराशी आले, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

“मास्तर, तुमची कळशी आणा. रांजणात हाय तेवढं भरून घ्या.”

“आणि झाड?”

“झाडाचं बघू. पोर आधी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आभाळातनं पडलं, पन्हळीतनं रांजणात आलं. मध्ये माझा हात न्हाय. फडकं मी सोडतो, तुम्ही तुमच्या हातानं भरा.”

मी दोन कळशा भरल्या. रांजण कलता करून तळापर्यंत. चाचा हात मागे बांधून लांब उभे होते, आपली सावलीसुद्धा कळशीवर पडू नये असे. बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, “चाचांनी दिलं का?” मी हो म्हटलं. “मग उकळा लवकर,” ती म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

मी कळशा घेऊन परसात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तात्यांची वाडी समोर होती. तिथे कुणी नव्हतं. मुंबईला गेलो की मी इराण्याच्या दुकानात बसून चहा पीत असे आणि त्याचं मला काही वाटत नसे. शाळेत पोरांना सांगत असे की माणसं सगळी सारखी. पण इथे, माझ्या घरच्या पातेल्यात, माझ्या आजारी मुलीच्या पोटात ते पाणी घालायचं म्हटल्यावर माझा हात चालेना. कुणी विचारलं तर? तात्यांनी विहीर बंद केली तर? की नुसतीच लहानपणापासून अंगात मुरलेली किळस? तिन्ही असतील. मी दोन्ही कळशा केळीच्या बुडाशी ओतल्या. मग तात्यांच्या विहिरीवर गेलो, गढूळ पाणी आणलं, चौपदरी फडक्यातून तीनदा गाळलं, खळखळ उकळलं आणि बायकोच्या हातात दिलं. ती रात्रंदिवस ते चमच्याने पाजत राहिली. पाचव्या दिवशी पोरीने भात मागितला.

माझ्या मुलीच्या जिवाशी मी खेळलो. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

तिकडे चाचा झाडाला अंगणातल्या विहिरीचं खारं पाणी घालत होते. दुसरं होतं काय? आधी पानांची टोकं तपकिरी झाली. मग कळी पिवळी पडली आणि एका सकाळी कुंडीत गळून पडलेली दिसली. महिनाअखेर झाड उपटलं तर मुळं हातात भुगा होऊन आली. पण चाचा दुःखात आहेत असं दिसेना. मुलगी परसात खेळायला लागली की ते तिला नुसते बघत बसत. बाजारात भेटेल त्याला सांगत, “माझ्या झाडाचं पाणी पिऊन मास्तरची पोर उठली. झाड गेलं, जाऊ दे. कामाला आलं.” सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळलेला असे की लोक थांबून ऐकत. मी समोरून येताना दिसलो तर मलाच साक्षीला ओढत, “व्हय का न्हाय, मास्तर?” मी हसत असे.

बातमी तात्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी मला पडवीत बोलावलं. समाजातले आणखी चौघे बसले होते. तात्यांचा सूर चढलेला नव्हता, उलट फारच मऊ होता.

“गावात बोलतात ते खरं का, मास्तर? तुमच्या घरात त्याचं पाणी शिजलं म्हणतात. आम्हाला काय, तुमचा प्रश्न आहे. पण मग विहिरीवर तुमची कळशी कशी लागू द्यायची, ते तुम्हीच सांगा.”

मला सुटायला एक क्षणही लागला नाही. “पाणी घेतलं, तात्या. म्हातारा दारात आला, नाही कसं म्हणणार? पण घरात नेलं नाही. परसात ओतून टाकलं. मुलीला दिलं ते तुमच्याच विहिरीचं.”

पडवी हलकी झाली. कुणीतरी म्हणालं, बघा, शेवटी आपलंच पाणी कामी आलं. तात्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या मागवला. मी ते पाणी प्यायलो. खरंच गोड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराने बाहेर आलो तेव्हा चाचा आपल्या ओट्यावर रिकामी कुंडी घेऊन बसले होते. विटांचे तुकडे एकीकडे, कोळसा एकीकडे, असं निवडत होते. मला बघून त्यांनी मान वर केली नाही. रात्रीतून त्यांच्या कानावर गेलं होतं. माझी बायको दारात उभी होती. तीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकणार होती.

“कुठं ओतलंत, मास्तर?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसं.

“केळीच्या बुडाशी.”

त्यांनी केळीकडे पाहिलं. मग हातातल्या विटेच्या तुकड्यावरचं शेवाळ अंगठ्याने पुसत राहिले.

“केळीला कुठलंबी पाणी चालतं, मास्तर,” ते म्हणाले. “तुम्हाला नको होतं, तर मला परत आणून द्यायचं. माझं झाड जगलं असतं.”

“हो,” मी म्हणालो.